सुपारी आधी की कात्री आधी

आमच्या धाकट्या दिरांचे केस माझ्या केसांपेक्षा लांब होते आणि त्यात त्यांची हौस तिळाएवढीसुद्धा नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण निरवांगीत नवा आलेला माणूस त्यांना बघून भलताच समज करून घ्यायचा. एक तर हा गडी संसार सोडून निघालाय, नाहीतर पुण्याला जाऊन गिटार वाजवणार. अविराजभावजी यातलं काही करणार नव्हते. ते पेरूच्या बागेत फवारणी करत होते, मक्याला पाणी देत होते आणि लग्न ठरायची वाट बघत होते.

मी त्यांची थोरली वहिनी, रेश्मा. माझं माहेर वालचंदनगरचं. कंपनीच्या क्वार्टर्समध्ये वाढले. आमच्याकडे नवस म्हणजे फार तर परीक्षेआधी बोललेला एखादा नारळ, तोही पास झाल्यावर फोडायचा राहून जायचा. लग्न होऊन इथं आले तेव्हा भावजी इंदापूरला कॉलेजात जात होते आणि केसांच्या बाबतीत एखाद्या नवऱ्या मुलीसारखे काटेकोर होते. रविवारी सकाळी सावळारामच्या सलूनमध्ये जायचं म्हणजे जायचंच. गर्दी असली तर बाहेरच्या बाकड्यावर पेपर वाचत बसतील, पण कटिंग चुकवणार नाहीत. मानेवर एक केस उतरलेला चालायचा नाही. शर्टाच्या खिशात पेन नसेल, कंगवा असायचा.

कॉलेज संपलं आणि ते शेतीला लागले. आमचे हे, म्हणजे रणजित, बारामतीच्या एमआयडीसीत नोकरीला, त्यामुळे शेत सगळं भावजींच्याच अंगावर. शेत त्यांनी छान केलं. ठिबक टाकलं, उसातलं थोडं रान मोडून पेरू लावला, पेरू मुंबईला जायला लागला. पण लग्नाच्या बाजारात पेरूला भाव नव्हता. मुलीकडचे विचारायचे, मुलगा काय करतो. आम्ही म्हणायचो, शेती करतो. की पुढचा प्रश्न ठरलेला, "आणि काय करतो?" आणि काय करणार? शेती करून माणूस संध्याकाळी झोपतो.

अशी बरीच स्थळं आली नि गेली. भावजींची तिशी उलटली. माझ्या सासूबाई, प्रयागबाई, ज्यांना आम्ही आत्या म्हणतो, त्यांचे तोवर सगळे उपाय करून झाले होते. शेवटी चैत्रात म्हसोबाची जत्रा आली. म्हसोबा म्हणजे आमच्या शेताच्या बांधावरचा शेंदूर लावलेला दगड, आणि जत्रा म्हणजे सगळी भावकी, नारळ आणि लाऊडस्पीकर. त्या जत्रेत आत्या नारळ हातात धरून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "म्हसोबाराया, माझ्या धाकट्याचं लगीन ठरंस्तवर त्याच्या डोक्याला कात्री लावणार न्हाय. सुपारी फुटली की त्याच दिवशी तुझ्या पायाशी केस उतरवीन."

भावजी तेव्हा तिथं नव्हतेच. मोटर बिघडली म्हणून विहिरीवर गेले होते. घरी आले तेव्हा त्यांना कळलं की आपलं डोकं आता आपलं राहिलेलं नाही. ते हसले. त्यांना वाटलं, चार महिन्यांचा प्रश्न आहे. मी मात्र आत्यांवर चिडले. ज्याचं डोकं आहे त्याला निदान विचारायचं तरी. पण देवासमोर, भावकीसमोर बोललेला शब्द. तो परत कसा घेणार?

केस वाढवायचे म्हणजे नुसते वाढू द्यायचे, असं ज्याला वाटतं त्यानं कधी वाढवलेले नसतात. पहिले काही महिने काहीच दिसत नाही, नुसता माणूस आजारातून उठल्यासारखा दिसतो. मग ते कानावर येतात आणि तिथंच अडकून बसतात. मागं बांधावेत तर रबरात मावत नाहीत, मोकळे सोडावेत तर डोळ्यांत जातात. उसात शिरलं की पाचटाचे तुकडे अडकतात. फवारणीचा वास दोन दोन दिवस जात नाही. उन्हाळ्यात मानेवर घामोळं उठलं आणि भावजी गोठ्याच्या दाराशी कात्री हातात घेऊन उभे राहिलेले मी बघितले. बैलाच्या शेपटीचे केस कापायची कात्री होती ती. मी हात पुढं केला. त्यांनी कात्री माझ्या हातात दिली.

त्या दिवसापासून त्यांच्या डोक्याचं काम माझ्याकडे आलं. माझी शाळेतली मैत्रीण मोना वालचंदनगरला पार्लर चालवते, तिला मी फोन करून विचारायचे. शिकेकाई कधी, तेल किती, ओल्या केसांत कंगवा घालायचा नाही, गुंता सोडवायचा तर टोकाकडून वर यायचं, मुळापासून खाली ओढायचं नाही. मी ते सगळं भावजींना शिकवलं. ते ओसरीवर बसायचे आणि मी मागून विंचरायचे. माझी मुलगी श्रेया शेजारी उभी राहून म्हणायची, आता माझा नंबर.

भावजी कंटाळले की मी त्यांना त्यांच्याच भाषेत समजवायचे. "रोज आरशात बघू नका. रोज बांधावर उभं राहून बघितलं तर पीक वाढलेलं दिसतं का कधी?"

ते म्हणायचे, "पीक काढायची तारीख ठाऊक असती, वैनी."

मोनानं एकदा सांगितलं की टोकं दुभंगलीत, तेवढी कापून टाक, मग बघ कसे भराभर वाढतात. मी म्हटलं, कात्री लावायची नाही. ती म्हणाली, मग मला कशाला विचारतेस? तिचंही बरोबर होतं. भावजींचे केस टोकाला झाडूसारखे झाले होते आणि आम्हाला त्यांना हात लावायची परवानगी नव्हती.

लोकांनी तर करमणूकच करून घेतली. इंदापूरच्या एसटी स्टँडवर एका म्हातारीनं त्यांचे पाय धरले आणि मुलाची दारू कधी सुटंल असं विचारलं. भावजी म्हणाले, "मावशी, मी शेतकरी हाय." ती म्हणाली, "व्हय महाराज, रूप कुठलंबी घ्यावं." घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो, तेही हसले. पण नंतर हात धुवायला गेले ते बराच वेळ मोरीतल्या आरशापुढं उभे होते. मला म्हणाले, "वैनी, ह्यो मानूस माझ्या वळखीचा न्हाय." तेव्हा मला फार वाईट वाटलं.

आणि या सगळ्यात मूळ काम तर अडलंच होतं. आधी शेती म्हणून नकार यायचा, आता शेती आणि केस म्हणून यायचा. झुंबरतात्या म्हणून आमचे मध्यस्थ आहेत, दहा गावांतली लग्नं जमवलेला माणूस. त्यांनी युक्ती काढली, अंबाडा बांधायचा आणि वर टोपी घालायची. एका ठिकाणी पोहे होईपर्यंत टोपी टिकली. मग मुलीचा भाऊ प्रेमानं म्हणाला, "टोपी काढून निवांत बसा की, घरचंच हाय." भावजींनी टोपी काढली. चहा आला, पण मुलगी आली नाही.

बघा म्हणजे कसं होतं ते. लग्न ठरत नव्हतं म्हणून केस वाढवले आणि आता केस वाढले म्हणून लग्न ठरत नव्हतं. हे घरात सगळ्यांना दिसत होतं. आत्यांनाही दिसत असणार. पण त्या म्हणायच्या, देव परीक्षा बघतोय. मी म्हणायचे, देव बघतोय ती कुणाची परीक्षा आणि पेपर कोण लिहितंय. त्या उठून गोठ्यात जायच्या.

अशात लोणी भापकरचं स्थळ आलं. आबासाहेब भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी चालवतात आणि त्यांची मुलगी राजनंदिनी सगळं बघते. टोमॅटोची, मिरचीची रोपं कुठल्या तारखेला कुणाला द्यायची, ट्रेमध्ये माती कुठली, सगळं. तिशीच्या जवळ आलेली, स्पष्ट बोलणारी, उन्हानं रापलेली पोरगी. आम्ही गेलो तेव्हा भावजींनी टोपी घातलीच नाही. म्हणाले, आता काय लपवायचं. केस तेल लावून मागं बांधले होते.

राजनंदिनीनं चहा दिला, त्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, "केसांचं कोन बघतं?"

"वैनी बघत्यात."

"माझ्यापरास चांगलं हायत," ती म्हणाली. मग ठिबकच्या नळ्या कशानं तुंबतात यावर ती आणि भावजी बोलत बसले. मी भावजींना इतकं बोलताना कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. परत येताना गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते आणि उगाच हसत होते. मला वाटलं, झालं, सुटलो.

आबासाहेबांनाही मुलगा पसंत होता. पण ते म्हणाले, "पोरगं गुनी हाय, शेत बघितलं, सगळं मान्य. पर भावकी बसनार, सोयरं बसनार, त्यांच्यापुढं पाटावर असला जावई म्या बसवू शकत न्हाय. आधी केस कापून या, त्याच दिवशी सुपारी फोडू."

आत्या म्हणाल्या, "आधी सुपारी फोडा, त्याच दिवशी केस उतरवते."

दोघंही त्याच दिवशीचं बोलत होते. फरक तासा दोन तासांचा होता. पण त्या दोन तासांत आमचं सगळं घर येऊन अडकलं. झुंबरतात्यांनी निरवांगी ते लोणी भापकर अशा कितीतरी फेऱ्या मारल्या. इकडून निरोप न्यायचा, आधी सुपारी. तिकडून आणायचा, आधी कात्री. रणजितनं एकदा तोडगा काढला, की रुईच्या झाडाशी सुपारी फोडू, म्हणजे लग्न ठरलं, मग केस उतरवू आणि लोणीला जाऊ. पूर्वी दोन बायका वारलेल्या माणसाचं तिसरं लग्न आधी रुईशी लावायचे, त्यातलंच हे. आत्या त्या दिवशी जेवल्या नाहीत. देवाला फसवायला निघालेल्या घरात घास गिळत नाही म्हणाल्या.

दिवाळी झाली आणि राजनंदिनीचा मला फोन आला. तिचा आवाज शांत होता. आबासाहेबांना ती अण्णा म्हणते. "वैनी, माझं म्हनाल तर मी केसांसकट तयार हाय. पर हडपसरचं एक स्थळ आलंय, बँकेतला मुलगा हाय. अण्णा म्हनत्यात तुळशीचं लगीन झालं की त्यांना हो सांगतो. तवर तुमी काय करताय त्ये करा."

मी फोन ठेवला आणि तडक पेरूच्या बागेत गेले. भावजी फळांना पिशव्या बांधत होते. मी सगळं सांगितलं आणि मग माझा ताबा सुटला. म्हटलं, एवढा घोडा झालाय, स्वतःच्या डोक्याचा मालक नाही? सावळारामचं दुकान उघडं आहे. जा आणि कापून या. आत्या चार दिवस रुसतील, मग बोलतील.

त्यांनी हातातली पिशवी नीट बांधली. मग म्हणाले, "वैनी, तुमाला ठाव न्हाय. बाबा आजारी पडलं हुतं तवा आयनं म्हसोबाला बकरं बोललं हुतं. बाबा बरं झालं. बाबांनी हसण्यावारी नेलं, म्हनलं दगडाला कसलं बकरं. वरीस सरायच्या आत त्याच बांधावर मोटरीचा शॉक बसून गेलं. आय मानती की तिनंच मारलं त्यास्नी."

हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "पण तुम्ही तर मानत नाही ना?"

"म्या न्हाय मानत. पर म्या केस कापलं आन उद्या कुनाला काय झालं तर? दादाची रोजची गाडी हाय बारामतीला. श्रेयाला नुसता ताप आला तरी आय आधी माझ्या डोक्याकडं बघंल. जलमभर बघंल. त्ये कसं सोसायचं?"

त्यांनी श्रेयाचं नाव घेतलं. मी, क्वार्टर्समध्ये वाढलेली, नारळ फोडायचा विसरणारी, तिथं बागेत उभी राहून विचार करत होते, खरंच काही झालं तर. मला स्वतःचा राग आला, पण तो विचार काही गेला नाही. मी परत त्यांना कापा म्हटलं नाही. एक पिशवी उचलली आणि फळाला बांधायला लागले.

तेवढ्यात पलीकडच्या मक्यातून आत्या उठल्या. वैरण कापत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. भारा डोक्यावर घेतला आणि आमच्याकडे न बघता घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरात नव्हत्या. ऊन चढल्यावर आल्या ते पदर कपाळापर्यंत ओढून, दोन्ही कानांमागे खोचून. मला म्हणाल्या, च्या ठेव. पाटावर बसल्या आणि बसताना पदर सरकला. डोकं गुळगुळीत होतं. कानामागे एका ठिकाणी वस्तऱ्याचा ओरखडा होता, त्यावर शेंदूर लावलेला.

आत्यांचे केस पांढरे होते पण दाट होते, या वयातही अंबाडा मुठीत मावायचा नाही. मी चहाचं भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिले.

सावळारामनं नंतर सांगितलं, की आत्या त्याला घरातून उठवून बांधावर घेऊन गेल्या होत्या. तो बाईमाणसाच्या डोक्याला वस्तरा लावायला तयार नव्हता. त्या म्हणाल्या, तुझ्या आईच्या वयाची हाय, लाव. सगळं होईपर्यंत त्या म्हसोबाशी बोलत होत्या. "केसच पायजे न्हवं तुला? माझं घे. पोराला सोड. आन त्याच्यातबी तुझं मन भरलं न्हाय, तर जे करायचं त्ये माझं कर. घरातल्या दुसऱ्या कुनाकडं बघू नगंस."

भावजी पाठीवर पंप घेऊन फवारणीहून आले आणि दारात थबकले. पंप खाली उतरवायलाही विसरले. "आय, ह्ये कशापायी?"

"तुझं मोकळं केलं. जा आता सावळारामकडं."

ते लगेच गेले नाहीत. मला एवढंच म्हणाले, "आता कापलं तर तिच्याकडं कसं बघू? आन न्हाय कापलं तर तिचं गेलेलं वाया." मोकळं केलं म्हणतात ते हे असं. तिसऱ्या दिवशी ते गेले आणि कापून आले. मान पांढरीफटक दिसत होती, इतके दिवस ऊन न लागलेली. ओसरीवर बसून ते सारखा मागे हात नेत होते आणि तिथं काही नव्हतं. मी झुंबरतात्यांना फोन केला, लोणीला कळवा.

आबासाहेब खूश झाले. म्हणाले, आमीच येतो, घरबी बघू आन तिथंच सुपारी फोडू. दिवस ठरला. आणि मग आत्यांनी सांगितलं की त्या बाहेर येणार नाहीत.

"शुभ कामात बोडकं डोकं चालत न्हाय. पाव्हणं जाईस्तवर म्या वैरणीच्या खोलीत बसते. आजारी हाय म्हनून सांगा."

भावजींनी हात जोडले, रणजितनं समजावलं, मी भांडले. काही उपयोग झाला नाही. ज्या दिवसासाठी या बाईनं पोराला दोन वर्षं जखडलं आणि शेवटी स्वतःचं डोकं दिलं, त्या दिवशी ती कडब्याच्या पेंढ्यांत दार लोटून बसली होती.

पाहुणे आले. आबासाहेब, त्यांची भावकी, राजनंदिनी आणि आबासाहेबांची आई रंगूबाई. आजकाल मुलगीही येते घर बघायला, आणि ती आली ते आधी बागेत जाऊन ठिबक बघून आली. भावजी अंगणात पाटावर बसले. सगळे म्हणाले, आता कसं रुबाबदार दिसतंय पोरगं. भावजी खाली बघत होते. सुपारी ताटात ठेवली होती, शेजारी अडकित्ता.

"विहीनबाई कुठं हायत?" आबासाहेबांनी विचारलं.

"बरं नाही त्यांना," मी म्हटलं.

आता म्हाताऱ्या माणसाला सांगितलं की दुसरं म्हातारं माणूस आजारी आहे, तर ते बघायला जाणारच. आमच्यापैकी एकाच्याही हे डोक्यात आलं नव्हतं. रंगूबाई उठल्या, मी अडवीपर्यंत घरात शिरल्या, खोल्या बघत बघत वैरणीच्या खोलीपर्यंत गेल्या आणि तशाच मागे फिरल्या. बाहेर येऊन मुलाच्या कानाला लागल्या. आबासाहेबांचा चेहरा बदलला. भावकीत कुजबूज सुरू झाली.

"घरात कोन गेलं का तुमच्या?" आबासाहेब रणजितला म्हणाले. "विहीनबाईंचं केस का काढलं? आमाला का सांगितलं न्हाय?"

रणजित चाचरायला लागला. मग मीच पुढं झाले. सुनेनं पाहुण्यांसमोर बोलू नये हे मला माहीत आहे. "कुणी गेलं नाही. तुम्हाला आधी केस पाहिजे होते ना? दिले. एकाचे मागितले होते, दोघांचे दिले."

आबासाहेबांना समजायला थोडा वेळ लागला, आणि समजलं तेव्हा त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पण रंगूबाई हटल्या नाहीत. म्हणाल्या, "झालं त्ये झालं. पर अशा दिसाला ह्ये डोळ्यापुढं आलंय, आज सुपारी नगं. त्यांचं केस येऊ द्या, मग बघू." भावकीतल्या दोघांनी मान डोलावली. पुन्हा केसांसाठी थांबायचं, आणि या वेळी पासष्ट वर्षांच्या बाईच्या.

भावजी पाटावरून उठले. आत गेले. आतून आत्यांचा आवाज येत होता, "सोड, सोड, पाव्हणं हायत." मग ते दोघं दारात दिसले. त्यांनी आत्यांचा हात धरला होता आणि त्या दाव्याला ओढ देणाऱ्या गाईसारख्या मागं रेटत होत्या, दुसऱ्या हातानं पदर धरून. लुगड्याला कडब्याची पानं चिकटली होती. भावजींनी त्यांना आणून आपल्या पाटावर बसवलं आणि स्वतः शेजारी जमिनीवर बसले.

"दोन वरसं माझ्या डोक्यावर समदी बोलली," ते म्हणाले. आवाज वर गेला नव्हता. "आय बोलली, तुमी बोलला, आन म्या मुकाट बसलो. आयच्या डोक्यावर कुनी बोलायचं न्हाय. सुपारी फोडायची तर आत्ता हितं, तिच्यासमोर फोडा. फोडायची नसंल तर सयपाक झालाय, पोटभर जेवून जावा."

मी राजनंदिनीकडे बघितलं. भावजी तिच्याकडे बघतच नव्हते. त्यांना ती हवी होती, हे त्या अंगणात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते तिला हातची जाऊ द्यायला तयार होऊन बसले होते.

राजनंदिनी उठली. आत्यांच्या पाया पडली, त्यांच्या लुगड्यावरची पानं एक एक करून काढली आणि पदर नीट केला. मग तिनं ताट उचललं आणि वडिलांसमोर नेऊन ठेवलं. "फोडा, अण्णा," एवढंच म्हणाली.

आबासाहेबांनी आईकडे बघितलं, रंगूबाईंनी तोंड फिरवलं. मग आबासाहेबांनी ताट उचललं आणि आत्यांच्या पाटासमोर येऊन मांडी घातली. अडकित्ता हातात घेतला. पहिल्यांदा सुपारी निसटली. दुसऱ्यांदा फुटली.

आत्यांनी पदरातून हात वर नेला आणि आपल्या डोक्यावरून फिरवला, मागून पुढं. आबासाहेब म्हणाले, "विहीनबाई, माझं चुकलं. तुमचं केस गेलं."

"येत्याल की," आत्या म्हणाल्या. "आता घाई कुनाला हाय."